खंजिरीच्या आधी मात्रा मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने आणि ती बसवताना होणाऱ्या चुका

आश्विन वद्य पंचमी, म्हणजे महाराजांची पुण्यतिथी, जवळ आली की शाळा, महाविद्यालये आणि गावोगावची मंडळे तुकडोजी महाराजांची भजने बसवायला घेतात. वर्तमानपत्रांत लेख येतात, स्पर्धांच्या बातम्या येतात. लेखात ते ‘संत’ असतात, पाठ्यपुस्तकात ‘समाजसुधारक’, स्पर्धेच्या पत्रिकेत ‘गीतकार’, आणि २००५ पासून नागपूर विद्यापीठाच्या नावातही आहेत. या चार ठिकाणचे तुकडोजी एकमेकांना ओळखत नाहीत असे वाटावे, इतकी त्यांची वाटणी झाली आहे. आमचे म्हणणे एवढेच की गाणे, शिकवणे आणि साधना हे त्यांच्या बाबतीत तीन वेगळे धंदे नव्हते. तिन्ही कामे एकाच कारागिरीने केलेली आहेत आणि ती कारागिरी भजनाच्या मात्रांत दिसते. भजन चुकीचे बसवले की शिकवण आपोआप गळते. म्हणून हे पत्र जरा तपशिलात जाते. जागा लागेल, तेवढी द्यावी ही विनंती.

चरित्र थोडक्यात. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्म, नाव माणिक. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांचेच, आणि पुढे तीच भजनांतली छाप, म्हणजे शेवटच्या ओळीत येणारे कवीचे नाव, झाली. रामटेक, सालबर्डी, चिमूरजवळचे गोंदोडा इथल्या रानांत साधना. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला मुक्काम. १९४२ च्या आंदोलनात अटक आणि नागपूर, रायपूरचे तुरुंग. १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषद, आणि त्याच काळात ‘ग्रामगीता’. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला देह ठेवला. या सगळ्या प्रवासात हातात एकच वाद्य राहिले. ज्यांच्यापुढे ते बोलत ते बहुतेक निरक्षर होते. पुस्तक वाटून उपयोग नव्हता. एकदा ऐकून पाठ होईल, शेतात जाताना गुणगुणता येईल आणि शेजाऱ्याला सांगता येईल, असाच मजकूर हवा होता. त्यांची रचना समजून घ्यायची तर ही गरज डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

आता प्रत्यक्ष दोन भजने घेऊ.

‘हर देश में तू, हर भेष में तू, तेरे नाम अनेक, तू एक ही है.’ बहुतेक शाळांत हे म्हटले जाते. मात्रा मोजा. ह-र-दे, श-में-तू, ह-र-भे, ष-में-तू. दोन लघू (एकेक मात्रा), एक गुरू (दोन मात्रा), असे चार गट. पुढचा तुकडाही तसाच : ते-रे-ना, म-अ-ने, क-तू-ए, क-ही-है. (‘ते’, ‘रे’, ‘में’, ‘ही’ आणि ‘एक’आधीचा ‘तू’ ही अक्षरे लिहायला दीर्घ असली तरी हिंदी गाण्यात इथे लघू धरतात.) हे चोख तोटक वृत्त आहे, प्रत्येक तुकडा १६ मात्रांचा. केहरवा ताल आठ मात्रांचा, म्हणजे एका तुकड्याला त्याची बरोबर दोन आवर्तने. कमी नाही, जास्त नाही.

चूक होते ती सुरुवातीला. ढोलकीवाला ‘धा’ वाजवतो आणि मुले ‘हर’चा ‘ह’ त्यावर टाकतात. मग सगळा जोर लघू अक्षरावर जातो आणि ओळ लंगडते. ‘हर’ ही दोन अक्षरे आधीच्या आवर्तनाच्या सातव्या-आठव्या मात्रेवर उचलायची आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘दे’वर घ्यायची. मग पाहा कसे जुळते. दे पहिल्या-दुसऱ्या मात्रेवर, श तिसऱ्या, में चौथ्या, आणि ‘तू’ येतो पाचव्या मात्रेवर, म्हणजे केहरव्याच्या ‘खाली’वर, ठेका हलका पडतो त्या मात्रेवर. पुढच्या आवर्तनात पुन्हा ‘तू’ पाचवीवरच. तुकडा संपतो तेव्हा ‘है’सुद्धा पाचवीवर, आणि उरलेल्या दोन मात्रा पुढच्या उचलीसाठी मोकळ्या. ज्या शब्दासाठी हे भजन लिहिले तो ‘तू’ वाद्याचा हात हलका होतो नेमका त्या जागी ठेवलेला आहे. खंजिरीवाल्याने पाचव्या मात्रेवर नुसती बोटे टेकवावीत, थाप मारू नये, चकत्या झणझणवू नयेत. तिथे जोरात वाजवले की ‘हर देश में... हर भेष में...’ एवढेच ऐकू जाते आणि देव गायब होतो. आम्ही पाहतो त्या दहा बसवणुकींपैकी बऱ्याच ठिकाणी हेच होते.

दुसरे, ‘राजास जी महाली, सौख्ये कधी मिळाली’. हे ‘या झोपडीत माझ्या’चे पहिले कडवे, पाठ्यपुस्तकामुळे घरोघर पोचलेले. रा-जा-स-जी-म-हा-ली : गुरू गुरू लघू गुरू, लघू गुरू गुरू. हे आनंदकंद. अर्धी ओळ १२ मात्रांची, पूर्ण ओळ २४. ‘सारे जहाँ से अच्छा’चेही वृत्त हेच असल्याने शाळेत पुष्कळदा त्याच चालीवर हे बसवून मोकळे होतात. त्यात गैर काही नाही. वृत्त जुळते तिथे चाल उसनी घेणे हा आपल्याकडचा जुनाच रिवाज. पण भजन म्हणून म्हणायचे तर ठेका नीट निवडावा लागतो.

१२ मात्रा पाहून शिक्षक सहा मात्रांचा दादरा लावतात. हिशेबाने बसतो, दोन आवर्तनांत अर्धी ओळ. पण ‘जी’ हे अक्षर सहाव्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या समेवर ओलांडते. तयारीचा गायक ते अक्षर समेवरून सहज ओढून नेतो. मुले मात्र समेला धक्का देऊन ‘जीई’ करतात. समूहासाठी म्हणून केहरवा बरा. १२ च्या १६ करायच्या तर चार मात्रा वाढवाव्या लागतात. त्या कुठे द्यायच्या हे ठरवून शिकवावे : ‘जी’ला एक, ‘हा’ला एक, ‘ली’ला दोन. म्हणजे रा २, जा २, स १, जी ३ हे पहिले आवर्तन. म १, हा ३, ली ४ हे दुसरे. ‘म’ समेवर येतो, तो हलका ठेवून वजन ‘हा’वर टाकायचे. हे सांगितले नाही तर मुले आपल्या मनाने जागा भरतात आणि ती जागा हमखास ‘स’वर भरतात. ‘राजासऽऽ जी’. लघू अक्षर ताणले की शब्द फुटतो, आणि ‘राजास’ म्हणजे ‘राजाला’ हा अर्थच उरत नाही.

शब्दांची मोडतोड हा वेगळाच विषय आहे. ‘या भारतात बंधुभाव नित्य वसू दे, दे वरचि असा दे’. यातला ‘वरचि’ म्हणजे वर + चि, ‘असाच वर दे’. मुलांना कोणी हे सांगत नाही. ती ‘वरची’ म्हणतात. म्हणजे वरच्या फळीवरची बरणी मागितल्यासारखे. ‘वर’ म्हणजे वरदान, आणि ‘चि’ ऱ्हस्व, एवढे दोन मिनिटांत सांगून होते. तसेच ‘देव बाजारचा भाजीपाला नाही रे’ या भजनातला ‘अशानं’ छापताना कोणी शुद्ध करून ‘अशाने’ करतो. बोलीतला अनुस्वार हा त्या ओळीचा सूर आहे. ‘अशाने’ म्हटले की ओळ व्याख्यानात जाते. शुद्धलेखनाचे नियम गद्याला लावावेत, भजनाला लावू नयेत.

आणि वेळेअभावी कडवी कापताना शेवटचे कडवे कधीच कापू नये. ‘या भारतात’मध्ये आधीची कडवी बंधुभाव मागतात, पंथ एक दिसावेत म्हणतात, पुढे उद्योगी तरुण मागितले आहेत, गावोगाव समुदाय-प्रार्थना मागितली आहे, आणि अगदी शेवटी छापेच्या ओळीत तुकड्या स्वतःसाठी एवढेच मागतो की या सेवेत मला राहू दे. म्हणजे शिक्षण, साधना आणि गाणारा माणूस हे सगळे एका भजनात आहे, तेही उतरत्या क्रमाने, देशापासून स्वतःपर्यंत. स्पर्धेत चार मिनिटांची मर्यादा म्हणून पहिली दोन कडवी घेऊन थांबतात, तेव्हा उरते ते एक गोड देशभक्तिगीत. मधले एक कडवे गाळावे, छाप राखावी.

आता वाद्याकडे. खंजिरी म्हणजे लाकडी कडे, एका तोंडाला कातड्याचे पान, कड्याच्या खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या. पूर्वी अशा वाद्यांना घोरपडीचे कातडे चढवत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. जुन्या वाद्याच्या नावाखाली कोणी ते विकत असेल तर घेऊ नये. शाळेने तर मुळीच नाही. शेळीचे कातडे चालते. कृत्रिम पानाच्या खंजिऱ्याही मिळतात. त्या पावसाळ्यात उतरत नाहीत, मुलांच्या हाताला टिकतात, पण आवाजात झिणझिण जास्त राहते. पानाच्या आतल्या बाजूला कडेजवळ दोन बोटे रुंद सुती पट्टी चिकटवली की ती बरीच मरते.

कातड्याच्या खंजिरीला हवा कळते. पुण्यतिथी महोत्सव आश्विनात, म्हणजे परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचे ऊन अशा कात्रीत. सकाळी दमट हवेत पान सैल पडते आणि आवाज ‘भद’ येतो. दुपारी ताणले जाऊन टणटण करते. सैल असेल तर उन्हात पाच-सात मिनिटे, पान वर करून. शेकोटीला किंवा गॅसला दाखवण्याची घाई करू नये. कातडे कडेने सुटते किंवा मधोमध तडकते, आणि तडकलेले पान पुन्हा जुळत नाही. ताण जास्त असेल तर ओला करून पिळलेला कपडा पानाच्या आतल्या बाजूने दोन-तीनदा फिरवावा, पाच मिनिटे थांबावे, मग वाजवून पाहावे. पाणी वरून शिंपडू नये. एकदम जास्त पाणी लागले तर कार्यक्रम संपेपर्यंत ती खंजिरी उठत नाही. चकत्यांची खीळ गंजली की चकती अडकते. सुईच्या टोकाने खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे. भोक झिजून मोठे झाले असेल तर चकती बदलावी, कारण मग ती ठेक्यात न वाजता सतत किरकिरत राहते. ठेवताना सुती कापडात गुंडाळून खुंटीला. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते, आणि कपाटात उंदीर. कातडे त्यांना फार आवडते.

वाजवण्यात एकच मोठा दोष सांगतो. डावा हात कडे धरतो, उजव्या हाताची बोटे थाप देतात. कडेजवळ चढा आवाज, मध्यभागी घुमारा. चकत्या वाजतात त्या डाव्या हाताच्या हलवण्याने. नवशिका डावा हात थांबवूच शकत नाही. सोळा मात्रा, सोळा झणत्कार, आणि त्याखाली शब्द चिरडले. डावा हात आधी कोपरापासून पोटाशी टेकवून नुसत्या थापेचा सराव आठवडाभर करवावा, चकत्या समेपुरत्या. ओळ संपून पुढची सुरू होण्याच्या मधल्या जागेत हवे तेवढे झणझणू द्यावे, तिथे शब्द नसतात. माइक असेल तर खंजिरी त्याच्या समोर नको. गाणाऱ्यासमोर एक माइक, तोंडापासून वीतभर; खंजिरीवाला त्याच्या बाजूला दोन हात मागे. पितळेचा आवाज तसाही माइकवर चढतोच.

हार्मोनियमची पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठून धरायचा ते, हा शाळांचा सर्वांत मोठा घोळ. गुरुजी आपल्या सोयीने काळी एक धरतात. मुले त्याच्या वरच्या सप्तकात गातात, म्हणजे त्यांचा षड्ज (सा) मधल्या काळी एकवर. अंतऱ्यात चाल तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) गेली की मुले किंचाळतात, नाहीतर तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. प्राथमिकच्या मुलांसाठी मधल्या काळी एकच्या लगेच खालची काळी पाच घ्यावी. तीन सूर खाली आल्याने तार गंधार आवाक्यात येतो. फक्त चालीत मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) उतरणारी जागा असेल तर ती बदलून षड्जावर राखावी, कारण तितके खाली मुलांना जमत नाही. आधी अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर शोधायचा, तो सगळ्यांना सुखाने लागतो का पाहायचे, मग पट्टी ठरवायची. उलटे केले की दहा दिवसांची तालीम वाया. गुरुजींना त्या पट्टीत गाता येत नसेल तर त्यांनी वाजवावे आणि म्होरक्या मुलांतून निवडावा. तसेही भजनात म्होरक्या आणि मागचे असे दोन पक्ष असतात : म्होरक्याने ओळ दोनदा सांगायची, मागच्यांनी एकदा उचलायची, आणि ती त्याचे शेवटचे अक्षर पुरे झाल्यावरच. त्याच्या ‘है’वर मागच्यांचा ‘हर’ चढला की दोन्ही गेले.

लय. डीजेच्या ट्रॅकवर वाजवलेली काही भजने मिनिटाला अडीचशे मात्रांच्या आसपास पळतात. १६ मात्रांचा तुकडा मग चार सेकंदांच्या आत संपतो. मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर तोच तुकडा सहा सेकंद घेतो, आणि सहा सेकंदांत म्हाताऱ्या माणसालाही तो ऐकून परत म्हणता येतो. हा आकडा हवेतून काढलेला नाही. रामधून, म्हणजे भजन म्हणत गावातून जाणारी फेरी, निघते तेव्हा चालणारा मनुष्य मिनिटाला ८० च्या सुमारास पावले टाकतो, दर दोन मात्रांना एक. १६ मात्रांच्या तुकड्याला आठ पावले. डावे-उजवे आपोआप जुळते, मुले धापा टाकत नाहीत. त्याहून जलद लावले की पुढची रांग पळते, मागची तुटते आणि मधल्या माणसांना दोन वेगवेगळी भजने ऐकू येतात. रांग लांब असेल तर मध्यभागी दुसरी खंजिरी द्यावी, आणि तिने पुढच्या खंजिरीकडे कानाने नव्हे, डोळ्यांनी पाहावे. लांबून येणारा आवाज उशिरा पोचतो. ३४ मीटरला सुमारे दशांश सेकंद, आणि या लयीत एक मात्रा सेकंदाच्या पावणेचार दशांशांची. शंभर मीटरच्या मिरवणुकीत शेपटाकडच्यांची मात्रा जवळजवळ चुकतेच.

रामधुनीविषयी आणखी एक. ती गाण्याची मिरवणूक म्हणून सुरू झालेली नाही. पहाटे ध्यान, मग ग्रामसफाई, सडा-रांगोळी, आणि झाडलेल्या रस्त्यावरून रामधून, हा क्रम. आज क्रमातली पहिली दोन कामे ग्रामपंचायतीच्या सफाई कामगारांवर सोडून तिसरे तेवढे फेटे बांधून केले जाते. ज्या गल्लीतून जायचे ती गल्ली जाणाऱ्यांनीच झाडायची, ही त्यातली शिकवण. भजन हे त्या कामाचे मजुरीगीतच म्हणा ना. झाडू हातात न धरता म्हटले तर शब्द तेच, पण अर्थाचा पत्ता बदलतो.

सामुदायिक प्रार्थनेचे तसेच. सरळ रांगा, ठरलेली वेळ, एक सूर, मध्ये मौन. यात एकेकट्याच्या गळ्याची हौस भागत नाही म्हणून चांगले गाणारेच तिला कंटाळतात आणि ताना घेऊ लागतात. प्रार्थनेत तान म्हणजे रांगेत पाय पसरून बसणे. चालही त्यासाठी पाच-सहा सुरांत ठेवलेली असते. बेसूर माणसालासुद्धा चार दिवसांत जमावी म्हणून. हिला साधना म्हणतात ते यासाठी की इथे आपला आवाज शेजारच्याच्या आवाजाखाली ठेवायला शिकावे लागते. मधले मौन मोजून पाळावे. नवख्या सूत्रधाराला दहा सेकंदच दोन मिनिटांसारखी वाटतात, म्हणून घड्याळ समोर असावे.

राहिली ग्रामगीता. तिच्याबद्दल भाषणे पुष्कळ होतात, पारायणे त्याहून घाईत होतात. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. पाच-पाच अध्यायांची आठ पंचके, आणि शेवटी ग्रंथमहिमा. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण असे विषय. ही ओवी अक्षरे मोजून बसवलेली नाही. ‘गाव हा विश्वाचा नकाशा । गावावरून देशाची परीक्षा । गावचि भंगता अवदशा । येईल देशा ॥’ नऊ, अकरा, दहा, आणि एकदम पाच अक्षरे. पहिले तीन चरण बोलत बोलत येतात आणि चौथा आखूड पडतो. तो आखूड चरण म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेला थांबा. तालात बसवायच्या हट्टाने जे लोक ‘येईऽऽल देऽऽशा’ करून जागा भरतात ते तोच थांबा बुजवतात. ओवी ठेक्याशिवाय म्हणावी, चौथ्या चरणानंतर एक श्वास मोकळा सोडावा.

त्या श्वासासकट एका ओवीला बारा सेकंद लागतात. सात दिवसांच्या पारायणात रोज ६६८ ओव्या, म्हणजे सव्वादोन तास. गावात सलग सव्वादोन तास ऐकणारे किती मिळतील हे ज्याने त्याने ठरवावे. म्हणून मग वाचक वेग वाढवतो, श्वास खातो, आणि तीच ओवी आठ सेकंदांत उरकते. त्यापेक्षा रोज एक अध्याय, ४१ दिवस. सरासरी ११४ ओव्यांना तेवीस मिनिटे. प्रार्थनेनंतर बसते. ग्रामशुद्धीचा अध्याय ज्या दिवशी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एक नाली काढायची, ग्रामआरोग्याच्या दिवशी आरोग्यसेविकेला बोलवायचे, एवढे वेळापत्रक आधी लावून ठेवता येते. या ग्रंथात शिक्षणाचे म्हणून जे आहे ते तसेच करून पाहण्यासारखे आहे; परीक्षेत ‘ग्रामगीतेचे अध्याय किती’ विचारून ते कळत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना काही मागण्या. मर्यादा चार मिनिटांची असेल तर सहा करावी, म्हणजे छापेपर्यंत पोचता येईल. गुणपत्रिकेत ‘वेशभूषा’ला जे गुण आहेत ते काढून ‘शब्दोच्चार’ला द्यावेत, भगवी टोपी घालून ‘वरची’ म्हणणाऱ्यांना बक्षीस मिळते हे बरे नव्हे. रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावण्यास मनाई असावी. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, आणि भजनात मागचा चुकला तर म्होरक्याने थांबून ओळ पुन्हा सांगायची असते. परीक्षकांनी पट्टी आधी विचारावी आणि ती मुलांची आहे की गुरुजींची हे पाहावे. भजनाची प्रत प्रत्येक मुलाच्या हातात द्यावी, गुरू अक्षरांवर खूण करून. एका पानात दोन भजने मावतात.

तालमीला तीन आठवडे पुरतात. पहिला आठवडा वाद्याला हात न लावता. टाळी देऊन नुसते म्हणणे, समेवर मोठी टाळी, खालीला हात उघडा. अर्थ, उच्चार, कुठले अक्षर किती मात्रांचे हे याच आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात पट्टी आणि एकच खंजिरी, चकत्यांना रुमाल बांधून. तिसऱ्या आठवड्यात रुमाल सोडायचा. शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही शिकवू नये. मुले जुने विसरतात.

पुण्यतिथीच्या दिवशी मोझरीत सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, आणि गावोगावीही त्याच वेळी लोक उभे राहतात. ज्यांचा कार्यक्रम त्या सुमारास आहे त्यांनी शेवटचे भजन ४.५० ला आटोपावे, हार्मोनियमचा भाता बंद करावा आणि खंजिरी मांडीवर पान वर करून ठेवावी. हातात धरली तर चकती वाजतेच.

आपले,
खंजिरी भजन शिकवणारे काही जण,
जि. अमरावती